सीनाकाठचा पैरा

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुरानं बंद पडलेली लांबोटीच्या पुलावरची वाहतूक सुरू झाल्या झाल्या आम्ही पाचजण सोलापुरातून टेम्पो भरून निघालो. माझी सासरवाडी मोहोळ तालुक्यात, सीनेच्या काठावर. टेम्पोत तांदूळ, तेल, बिस्किटांचे पुडे, चादरी, कपड्यांची गाठोडी आणि आमच्या पेठेतल्या बायकांनी दोन रात्री जागून भाजलेल्या कडक भाकरी होत्या. गावच्या शाळेत सामान उतरवायला गेलो, तर चौथीच्या वर्गात कपड्यांचा ढीग खिडकीच्या गजांपर्यंत पोचलेला. त्यात नऊवारीपासून जीन्सपर्यंत सगळं होतं, एक भरजरी शेरवानीसुद्धा. मेहुणा चिखल तुडवत आला, टेम्पोत डोकावला आणि म्हणाला, "दाजी, कापडं बास झाली. भाकरी तेवढी ठेवा. पुढच्या खेपेला येताना डिझेल आणा, अन् माणसं आणा."

पुढची खेप झालीच नाही. दिवाळी आली, मग लग्नसराई, मग संक्रांतीची गड्डा यात्रा. शहर आपल्या कामाला लागलं, त्यात मीही. अपराधी वाटतंच. पण हा लेख कबुलीजबाब म्हणून लिहायला घेतलेला नाही. मेहुण्याच्या त्या वाक्यात पूरग्रस्तांच्या मदतीचा एक नीट विचार दडलेला आहे आणि तो आपण, म्हणजे शहरानं, सरकारनं आणि शेजारच्या गावांनीही, अजून ऐकलेला नाही असं मला वाटतं.

सोलापूर जिल्ह्याला पुराचं भय वाटतं ते भीमेचं. उजनीचे ११७ टीएमसी, दौंडचा विसर्ग, वीर धरणातून नीरेत किती सोडलं, हे आकडे पंढरपूरच्या माणसाला श्रावणात तोंडपाठ असतात. सीनेकडे कोण बघतं? वर्षातले सातआठ महिने ती वाळूची आणि वेड्या बाभळींची पट्टी असते. भीमा-सीना बोगद्यातून उजनीचं पाणी आमच्या नदीत सोडा, म्हणून काठची गावं उन्हाळ्यात रस्त्यावर उतरतात. त्याच नदीत अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवकडचा पाऊस एकदम उतरला, कोळेगाव, चांदणी, खासापुरी या प्रकल्पांचं पाणी आलं, खाली भोगावती मिळाली. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर या पाच तालुक्यांचा काठ पाण्याखाली गेला. आयुष्यभर पाण्यासाठी अर्ज करणाऱ्या माणसाच्या माजघरात पाणी शिरलं.

हा जिल्हा दुष्काळात मुरलेला आहे. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं अजून हयात आहेत. दुष्काळात काय करायचं हे आपल्याला कळतं. छावणी, टँकर, रोजगार हमीची कामं, सगळं ठरलेलं असतं. शिवाय दुष्काळ सगळ्यांचा असतो. अख्खा तालुका एकदम होरपळतो, म्हणून आवाजही मोठा होतो. पुराचं तसं नाही. पूर फक्त काठच्यांचा. नदीपासून दोन-तीन किलोमीटर वर माळावर गेलं की तिथं तोच पाऊस वरदान ठरलेला दिसतो. कधी नव्हे ते विहिरींना काठोकाठ पाणी, ओढे माघापर्यंत वाहते, मुरमाड रानात कंबरेएवढी ज्वारी. सगळ्या माळाचं असं नाही, अतिवृष्टीनं तिथंही सोयाबीन-उडीद कुजलं. पण माती जागेवर आहे, गोठा जागेवर आहे, मोटार जागेवर आहे. माझ्या सासरवाडीच्या वरच्या अंगाला असंच एक माळाचं गाव आहे. तिथल्या एकानं मला सांगितलं की तीस वर्षांत एवढं पाणी बघितलं नव्हतं. सांगताना त्याचा आवाज खाली गेला. खालच्या गावाचं वाटोळं झालं असताना आपलं बरं झालं हे बोलायची त्याला लाज वाटत होती.

मला त्या लाजेत मोठी शक्यता दिसते. पूरग्रस्ताला खरा उपयोगी पडणारा माणूस पुण्या-मुंबईत नसतो, सोलापुरातल्या पेठेतही नसतो. तो याच माळावर असतो. त्याच्याकडे ज्वारीचं बी आहे, कडबा आहे, ट्रॅक्टर आहे, आणि चिखलातलं रान केव्हा वाफशावर येतं हे कळणारा पाय आहे. मदतीच्या आपल्या व्यवस्थेत मात्र त्याला कुठंच जागा नाही. सरकार मुंबईहून थेट खातेदाराच्या बँक खात्यात पैसे टाकतं, शहर थेट शाळेच्या वर्गात कपडे टाकतं. दोघांच्या मधला शेजारी बांधावर उभा राहून बघतो.

सरकारी मदत फसवी आहे असं माझं म्हणणं नाही. ७ ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं. आधीच्या निकषानं कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, म्हणजे गुंठ्याला ८५ रुपये मिळणार होते आणि त्यावर गावोगाव कडवट विनोद झाले. रब्बीसाठीचे १० हजार धरून तो आकडा १८,५०० झाला, हंगामी बागायतीला २७,०००, बागायतीला ३२,५००, तेही तीन हेक्टरपर्यंत. बी-खताला याचा आधार होतो. पैसे थेट खात्यात जाण्यालाही माझा विरोध नाही. मधल्या हातांनी काय काय गिळलंय ते या जिल्ह्यानं पाहिलेलं आहे.

अडचण मातीपाशी सुरू होते. नदीनं वळण सोडून रानातून वाट काढली, की पीक जातं आणि त्याखालची जमीनही जाते. खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं असं पॅकेजमध्ये आहे. ऐकायला हे भरघोस वाटतं. आता गावाकडच्या मापानं मोजू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावर फूटभर माती परत आणायची तर ४३,५६० घनफूट, म्हणजे ४३५ ब्रास. टिपरमध्ये अडीच-तीन ब्रास बसते असं धरलं, तरी एका एकराला दीडशे ते पावणेदोनशे खेपा. हेक्टरी ४७ हजार म्हणजे एकरी १९ हजार, म्हणजे ब्रासला चव्वेचाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. रोजगार हमीचे तीन लाख धरले तर आणखी २८० च्या आसपास. पण ते पैसे हातात येत नाहीत. ते जॉबकार्ड, हजेरीपट, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी अशा वाटेनं कामाच्या रूपात यायचे असतात, आणि ही योजना मुळात माणसांच्या हाताला काम देण्यासाठी आहे, दीडशे टिपर माती ओढण्यासाठी नव्हे. कुदळ-घमेल्यानं ४३५ ब्रास माती वाहायची म्हणजे त्या घराच्या दोन पिढ्या घमेलं उचलतच म्हाताऱ्या होतील.

आणि ही माती गेली कुठं? सगळी काही थेट बंगालच्या उपसागराला गेली नाही. बरीचशी खालच्या वळणावर, दुसऱ्याच्या उसात, कुणाच्या डाळिंबाच्या बागेत हातभर थरानं बसली आहे. एकाची जमीन खरवडली, दुसऱ्याची गाडली. मदतीच्या निकषांत गाळ काढायला हेक्टरी १८,००० रुपये आहेत. म्हणजे वरच्या शेतकऱ्यानं माती आणण्यासाठी एक अर्ज करायचा आणि खालच्यानं तीच माती काढून टाकण्यासाठी वेगळा. दोन शीर्षं, दोन पंचनामे, आणि मधे कुणीच नाही. खालच्याच्या रानातला गाळ वरच्याच्या खड्ड्यात नेऊन टाकला तर एका कामात दोघं उभे राहतात. अर्थात गाळात वाळू किती, पोयटा किती हे बघावं लागतं, सगळाच गाळ माती नसतो. पण हे बघायला कृषी सहायक आणि चार जाणती माणसं पुरतात. नडतं ते एवढंच, की आपण नुकसान गटनंबरानुसार मोजतो आणि पाणी गटनंबर मानत नाही.

पीकविम्याचीही तीच तऱ्हा. एक रुपयातला विमा बंद झाला आणि २०२५ च्या खरिपापासून राज्यात भरपाईचा हिशोब पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे महसूल मंडळाच्या, काही गावांच्या गटाच्या, सरासरी उत्पन्नावर आला. माझं एकट्याचं रान बुडालं म्हणून स्वतंत्र दावा करायची सोय गेली. आता मंडळात काठही असतो आणि माळही. माळावर बरं पिकलं की सरासरी वर जाते आणि काठच्याचं शून्य त्यात विरघळून जातं. शेजाऱ्याचं पीक चांगलं आलं म्हणून आपली भरपाई कमी झाली, असा हा हिशोब. दोन गावांत वितुष्ट आणायचं कुणी ठरवून योजलं असतं, तरी याहून बरी युक्ती सापडली नसती.

सातबाऱ्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण घराघरातली भांडणं तिथं आहेत. माझ्या सासऱ्यांच्या एका गटावर अकरा नावं आहेत. दोन मयत, वारसनोंद बाकी. एक चुलत बहीण सुरतेला. सामाईक खात्याचे पैसे एकाच्या नावावर घ्यायचे तर बाकीच्यांची संमतीपत्रं लागतात. त्यात फार्मर आयडी, आधार, बँकेचं खातं या तिन्हीत नाव सारखं हवं. यातलं प्रत्येक कागदपत्र वेगवेगळं मागितलं तर वाजवीच वाटतं. पण ज्याच्या घरातली कागदाची पेटी वाहून गेली त्याच्याकडूनच ती सगळी एकदम मागितली जातात. आणि शेत वाट्यानं करणारा? त्याचं तर नावच कुठं नाही. बी त्यानं घातलं, खुरपणी त्याच्या बायकोनं केली, बुडालं दोघांचं, पैसे जमीनमालकाच्या खात्यात. भला मालक अर्धे देतो. भला नसेल तर विषय संपतो. खुरपणीला जाणाऱ्या बायांचा तर पंचनामाच होत नाही. दोन हंगाम रान पडीक राहिलं म्हणजे त्यांच्या दोन हंगामांची मजुरी बुडाली. पण ते नुकसान कुठल्या गटनंबरावर दाखवणार?

म्हणून मला पैरा आठवतो. आमच्याकडे 'पैऱ्यानं काम' हा शब्द अजून मेलेला नाही. आज तू माझ्या रानात राब, उद्या मी तुझ्या. औत, बैल, माणूस, जे असेल ते. इर्जिक त्याचाच मोठा अवतार. ज्याचं काम अडलं त्यानं हाक द्यायची, गावानं औतं घेऊन यायचं, घरच्यांनी जेवण घालायचं. पैऱ्यात एक गोष्ट दानात नसते: घेणाऱ्याची मान खाली जात नाही. वर्गात कपड्यांचा ढीग बघून मेहुण्याचा चेहरा उतरला होता, तो चेहरा मला आठवतो. सहा एकर बागायत करणारा, कारखान्याला ऊस घालणारा माणूस रांगेत उभं राहून दुसऱ्याची पँट घेतो तेव्हा त्याचं पुरानं नेलं त्याहून काहीतरी जास्त जातं.

काठ आणि माळ यांच्यात असा पैरा व्हावा, असं माझं म्हणणं आहे. माळाच्या गावानं या उन्हाळ्यात ट्रॅक्टरचे तास, कडबा आणि बी द्यावं. ते फुकट नव्हे, वहीत लिहून. फेड कधी? दुष्काळ पडेल तेव्हा. आणि तो पडणार आहे, सोलापुरात पावसाची वाट बघताना हाच एक भरवसा असतो. तेव्हा माळ सगळ्यात आधी करपेल आणि काठावर कुठंतरी चाऱ्यापुरतं पाणी शिल्लक असेल. त्या वेळी काठानं हिरवा चारा, मुरघास आणि जनावरांना आसरा द्यायचा.

याला हसणारे हसतील. पहिला आक्षेप माझ्याच मुलाचा: "बाबा, हे सगळं जुनं झालं, आता ट्रॅक्टर भाड्यानं मिळतो." मिळतो, खरं आहे. पण पुरानंतर एकाच महिन्यात सगळ्यांना तो हवा असतो, भाव चढतात, आणि ज्याची गाय वाहून गेली तो रांगेत शेवटी राहतो. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. गावात काहीही सामाईक करायचं म्हटलं की ते पुढारी घेतात, सोसायटीच्या निवडणुकीत कोण कुणाकडून होतं ते बघून डिझेल वाटलं जातं. हे खोटं नाही. आणि जुना पैराही सगळ्यांना सारखा कधीच नव्हता. ज्याच्याकडे औत त्याच्याशी पैरा, ज्याच्याकडे नुसते हात त्याला मजुरी, आणि वस्तीवरच्यांना तर कधी तेही नाही. जुन्याचे गोडवे गाणारं लिखाण हे सांगायला विसरतं. म्हणून आजचा पैरा तासांवर मोजला पाहिजे आणि माणसाचा तास ट्रॅक्टरच्या तासाशेजारी त्याच वहीत लिहिला पाहिजे. भूमिहीन बाईनं चर खोदायला दिलेला दिवसही जमा, आणि त्या दिवसाची मजुरी शहरानं गोळा केलेल्या पैशातून रोख. वही ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, रोजच्या रोज. भिंतीवर लिहिलेलं खोटं गावात फार दिवस टिकत नाही.

हे जमतं याचा पुरावा फार लांब नाही. २०१६ ला सुरू झालेल्या वॉटर कप या पाणी अडवण्याच्या स्पर्धेच्या उन्हाळ्यांत सोलापूर जिल्ह्यातल्या गावांनीही पहाटे उठून समतल चर खोदले. माणसांनी हातानं, आणि संस्थांनी दिलेल्या पोकलेन-जेसीबीनं. स्पर्धा होती, बक्षीस होतं, थोडी चढाओढही होती, ती असायला हरकत नाही. पाणी अडवायला ज्या गावांनी हात चालवले त्यांना माती परत आणायला ते चालवता येणार नाहीत असं मी तरी मानत नाही. आणि ज्या शहराला आपला तलाव बाराव्या शतकात शिवयोगी सिद्धरामेश्वरांनी लोकांच्या कष्टातून उभा केला याचा अभिमान आहे, जे दर संक्रांतीला नंदीध्वजांमागे चालतं, त्याला श्रमाचं महत्त्व मी काय सांगणार? कायक, म्हणजे श्रम हीच पूजा, हा शब्द आपल्याकडे नावांच्या पाट्यांवर दिसतो. फेब्रुवारी ते मे हे चार महिने तो रानात दिसायला हवा. रोहिणीचा पाऊस लागला की माती ओढायचं काम संपलं.

मग शहरानं नेमकं काय करायचं? डिझेल द्यायचं. यंत्र द्यायचं. ते नाही जमलं तर कागद करून द्यायचे. सोलापुरात निवृत्त तलाठी, भूमापक, बँकवाले, वकील यांना काय तोटा आहे? चार जणांनी दर शनिवारी एका गावात टेबल मांडून वारसनोंदी, संमतीपत्रं, खात्यातली नावं जुळवून दिली, तर त्यातून सुटणारी रक्कम टेम्पोभर तांदळाहून कितीतरी पट भरेल. मला हे उशिरा सुचलं, म्हणून ठासून सांगतो. आणि कपडे नकोत. कृपा करून नकोत.

सरकारकडे मागायच्या गोष्टीही पैशाच्या कमी आणि डोक्याच्या जास्त आहेत. बांध पुसले गेलेत, हद्दीचे दगड वाहून गेलेत. पूरपट्ट्यातली मोजणी फुकट आणि सलग व्हावी, गटागटानं अर्ज मागवून नव्हे. हे लवकर झालं नाही तर पुढची वीस वर्षं भावकी कोर्टात जाईल, ज्याच्या झळा पुरापेक्षा जास्त. गाळ काढणं आणि माती भरणं हे एकच काम धरावं, शिवारवार अंदाजपत्रक करून रोजगार हमीत यंत्राची तेवढी मुभा द्यावी. तलावातला गाळ शेतात नेण्याची योजना २०१७ पासून आहेच, पण यंदा तलाव भरलेले आहेत, गाळ उघडा पडायला वैशाख उजाडेल. म्हणून यंत्रं तोवर परत जाऊ देऊ नयेत. साखर कारखान्यांनी पुरातल्या उसाला तोडीत आधी नंबर द्यायला हवा होता. पोंग्यात गाळ बसलेला, डोळे फुटलेला ऊस महिनाभर जास्त उभा ठेवणं म्हणजे शेतकऱ्याच्या डोळ्यांदेखत त्याचं सरपण होऊ देणं. काही ठिकाणी तोड लवकर आली, काही ठिकाणी वशिल्यानं आली.

परवा सासरवाडीला जाऊन आलो. या वेळी कॅनमधून डिझेल नेलं, अगदीच थोडं. वरच्या माळावरचे दोन ट्रॅक्टर मेहुण्याच्या रानात चालू होते. कुणी बैठक घेतली नव्हती, ठराव केला नव्हता. माळावरच्या एकाची बहीण या गावात दिलेली आहे, तेवढ्या धाग्यावर ते आले होते. खालच्या बाजूचा शेजारी, ज्याच्याशी सासऱ्यांची बांधावरून दहा वर्षं बोलाचाली बंद होती, त्याच्या डाळिंबातला गाळ निघत होता आणि आमच्या खड्ड्यात पडत होता. दोघं अजूनही एकमेकांशी बोलत नव्हते. ट्रॅक्टरवाल्याला हातानं खुणा करत होते.

मामा, म्हणजे माझे सासरे, लिंबाखाली बाजेवर बसून शाळेच्या जुन्या वहीत लिहीत होते. मी डोकावलो. तारीख, ट्रॅक्टर कुणाचा, तास किती. शेवटच्या रकान्यात फेड. एका नावासमोर लिहिलं होतं, "कडवळ, ५ गुंठे, दुष्काळ पडल्यावर." बांधावरच्या शेजाऱ्याच्या नावासमोरचा रकाना कोरा होता. मी विचारलं तर मामा पेन्सिल कानामागं खोवत म्हणाले, "आधी मोजणी हू दे."